अकरा वर्षांच्या मुलाला किती कळावं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. पहिलीच कादंबरी लिहिते आहे आणि एका प्रश्नापाशी काम अडलं आहे. इथे लिहिणारे आणि जीव लावून वाचणारे दोन्ही आहेत, म्हणून विचारते.

गोष्ट इचलकरंजीची, १९८२-८३ची. मुंबईच्या गिरण्यांचा संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला आणि कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळायला लागलं, त्या दिवसांतली. निवेदक अकरा वर्षांचा मुलगा, सहावीतला. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात, काम वाढलंय म्हणून दोन-दोन पाळ्या ओढतात. एका रात्री त्यांचा उजवा हात यंत्रात सापडतो आणि तीन बोटं जातात. आई घरी कांड्या भरते, म्हणजे मागासाठीचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळते. तिला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे वाण्याच्या उधारीची वही मुलाकडे. शाळा सुटली की तोही कांड्या भरतो, धाकट्या बहिणीला आंघोळ घालतो, दवाखान्यात वडिलांचा डबा पोचवतो.

हस्तलिखित एका संपादकांनी वाचलं. त्यांचा शेरा असा, की हा मुलगा अकरा वर्षांचा वाटतच नाही, त्याच्या तोंडून एक प्रौढ माणूस बोलतो. त्याचं वय पंधरा करा, सगळं जुळून येईल.

मला तो पंधराचा करायचा नाही. पंधराचा झाला की तो मागावर उभा राहील, आठवड्याचा पगार आणेल आणि माझी गोष्टच राहणार नाही. घर डोळ्यांदेखत खचतंय, ते सगळं दिसतंय, पण कमावण्याचं वय नाही, हेच तर मला लिहायचं आहे. पण शेरा मनातून जातही नाही. ज्या परिच्छेदाखाली त्यांनी रेघ मारली तो असा:

"दवाखान्यातून घरी आल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पराभव होता. तो पराभव ते माझ्यापासून लपवू पाहत होते आणि मी तो ओळखला आहे हे त्यांना कळू नये म्हणून मीही नजर वळवली. त्या क्षणी आम्हा दोघांच्या जागा बदलल्या."

हे अकरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही का? मला तरी वाटतं, कळतं. मग चुकतंय कुठे? पात्राचं वय आणि त्याच्या मनाची समज यांचा मेळ तुम्ही कसा घालता?

वाटाड्या

संपादकांशी सहमत. अकरा हे फार अडचणीचं वय आहे, धड लहान नाही, धड मोठं नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तला मुकुंद नववीत आहे म्हणून त्याला आणीबाणीबद्दल घरातली मोठी माणसं काय बोलतात ते अर्धंमुर्धं कळलेलं चालतं, नरूमामाशी तो बरोबरीनं बोलतो तेही पटतं. त्याच जागी सहावीतला मुलगा असता तर? पंधरा नको तर तेरा करा. तेरा वर्षांच्या मुलाला मागावर उभं करायचं की नाही हे तुमच्या हातात आहे.

पाटीपेन्सिल

निळीशाई, वय बदलू नका, अकराच राहू दे. संपादकांना जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे, पण त्याचं औषध जन्मसालात नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यात वारणेकाठच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, बहुतेक वर्षं पाचवी ते सातवीला. म्हणजे अकरा वर्षांची मुलं हाच माझा जन्माचा धंदा. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. आईबाप पहाटे अंधारात फडात उतरायचे आणि पोरं आमच्या वर्गात येऊन बसायची. कुणी हंगामभर यायचं, कुणी चार दिवसांत दिसेनासं व्हायचं.

त्यांतली एक मुलगी सांगते. दाखल्यावर वय अकरा. कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन यायची. त्याला ती नावानं हाक मारत नसे, 'लेकरू' म्हणायची. "बाई, लेकराला रात्री ताप भरलाय, मी आज लवकर जाती." वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किती आले, त्यातले किराण्याला किती गेले, सगळं तोंडी. मुकादम किती फिटलं म्हणतो आणि बाप किती फिटलं समजतो, यात तफावत आहे हेही तिच्या ध्यानात आलेलं होतं आणि बापाला ते कळत नाही हेसुद्धा. आता ही मुलगी कागदावर उतरवली तर तुमचे संपादक म्हणतील, वय वीस करा.

पण तीच मुलगी मधल्या सुट्टीत चिंचोके खेळताना कुणीतरी खोटेपणा केला म्हणून भिंतीकडे तोंड करून पुढचा अख्खा तास रडली. समजूत काढायला गेलं की खांदा झटकायची. आणि एकदा कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवून तिनं मला विचारलं, "बाई, त्या धुराचेच ढग होत्यात ना? आमच्या गावाकडं असलं धुराडं नाही, म्हणून तिकडं पाऊस पडत नसंल." विचारताना चेहरा इतका गंभीर, की हसायचं माझ्या मनातही आलं नाही. तिच्या डोक्यात दुष्काळाचं कोडं सुटलं होतं.

निळीशाई, तुमच्या परिच्छेदातला मुलगा असा धुराचे ढग करणारा नाही. तो सगळीकडे सारखाच मोठा आहे. खरी मुलं अशी सपाट वाढत नाहीत. जगण्यानं जिथं रेटलं तिथं ती भराभर मोठी होतात आणि ज्या बाजूला कुणी ढकललंच नाही तिथं होती तशी राहतात. उधारीच्या वहीपुरता तुमचा मुलगा चाळिशीचा असू दे, त्याला माझी मुळीच हरकत नाही. पण बहिणीबरोबर पेरूची मोठी फोड कुणाला यावरून भांडताना तो अकराचाच हवा. अंधारात मोरीकडे जायला भीत असेल तर सहाचा. हे सगळं एका पानावर आलं, तर वाचणारा त्याचं वय विचारणारसुद्धा नाही.

आता परिच्छेद घेऊ. "अकरा वर्षांच्या मुलाला हे कळणार नाही का?" असं तुम्ही विचारलंत. कळतं. शंभर टक्के कळतं. पण कळलेल्याला 'पराभव' म्हणायला लागतं ते पुढं, खूप पुढं. अकराव्या वर्षी माणसाच्या डोळ्यांतला पराभव दिसत नाही, बापानं सदऱ्याची गुंडी डाव्या हातानं लावायला घेतली आणि ती लागली नाही, हे दिसतं. वरची गुंडी खालच्या काजात गेलेली दिसते. मग मूल काय करतं? काही वेळा पुढं होऊन गुंडी लावतं. पुष्कळदा लावत नाही, कारण बाप ओरडेल याची भीती असते. ते बहिणीला उगाच एक धपाटा घालतं. किंवा एकदम फार मोठ्यानं पाढे म्हणायला बसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तालुक्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा तो दिवसभर माझ्या टेबलावरचे खडू रंगांप्रमाणे लावत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "सांडल्यावर सापडायला पाहिजेत." मला जे कळायचं ते कळलं.

तुमचे ते चार वाक्यांतले शब्द काढा आणि गुंडी ठेवा. समज जराही कमी होणार नाही. "आम्हा दोघांच्या जागा बदलल्या" हे वाक्य तर वाचकाच्या तोंडचं आहे, ते त्यालाच म्हणू द्या.

दुसरं म्हणजे त्याला कुठंतरी ठार चुकू द्या, आणि ते कथानकाच्या सोयीसाठी नको. आपल्याला एक गोष्ट पक्की कळली आहे असं त्याला वाटावं आणि ती साफ चुकीची असावी. तुमच्या मुलाचंच घ्या. न थांबता, न मोडता अमुक इतक्या कांड्या भरल्या की आप्पांचा हात बरा होईल, असा त्याचा स्वतःशी करार असू शकतो. धागा तुटला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो हे कुणाला सांगणार नाही. वाण्याला देणं किती हे पैशापैशानं सांगणारं पोर आतून हा करार पाळतंय, हे वाचताना कुणाची टाप आहे त्याला प्रौढ म्हणायची!

याचा सगळ्यात सुंदर दाखला प्रेमचंदांच्या १९३३च्या 'ईदगाह' कथेत आहे. हमीद चार-पाच वर्षांचा. बाकीची मुलं मातीचे शिपाई, भिश्ती, वकील घेतात, मिठाया खातात, आणि हा आपल्या तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटं भाजतात. एवढंच सांगून कथा थांबली असती तर हमीद एक शहाणं बाळ होऊन बसला असता, आणि ते कुणाला खरं वाटलं नसतं. पण प्रेमचंदांनी काय केलंय पाहा. हाच हमीद मनाशी धरून बसलाय की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. दोघंही वारलेत. तव्याचा चटका त्याला कळतो, मृत्यू कळत नाही. शिवाय मिठाई न देणाऱ्या पोरांवर तो मनात चरफडतो, खाऊ देत, यांच्याच तोंडाला फोड येतील म्हणून. आणि चिमटा घेतल्यावर तो सगळ्या खेळण्यांपेक्षा शूर कसा, हे भांडून भांडून पटवून देतो. चिमट्याचं त्यानं खेळणं केलंच शेवटी. शेवटी चिमटा पाहून म्हातारी अमीना लहान मुलीसारखी रडते, आणि लेखक सरळ सांगतो की इथं पोरानं म्हाताऱ्याचं काम केलं आणि म्हातारी बालिका झाली. तुमचं "जागा बदलल्या" ते हेच. पण ते म्हणण्याचा हक्क प्रेमचंदांनी आधीच्या पानांवर कमावला आहे, आणि ते म्हणतो लेखक. हमीदच्या तोंडी त्यांनी ते घातलेलं नाही.

मधलीसुट्टी

पाटीपेन्सिल बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, त्या बाजूनं थोडी भर घालते.

ज्या घरात आजारपण, व्यसन किंवा नुकसान आहे तिथे एखादं मूल पालकाची भूमिका अंगावर घेतं, हे आमच्या कामात नेहमी दिसतं. कुटुंबोपचारातल्या साल्वादोर मिनुचिन यांनी १९६०च्या दशकातच अशा मुलांबद्दल लिहून ठेवलं आहे. बाहेरून ती फार समंजस दिसतात. शिक्षक कौतुक करतात, नातेवाईक उदाहरण म्हणून दाखवतात. पण ही समंजस मुलं माझ्यासमोर बसली की त्यांना स्वतःबद्दल काही सांगता येत नाही. "तुला काय हवं?" या प्रश्नावर ती आईला काय हवं ते सांगतात. कादंबरीतल्या मुलाला हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला वाटतं. त्याचं उत्तर काय येतं यावर त्याचं वय लगेच उघडं पडेल.

'शाळा'चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना आणि मित्रांबरोबर असताना वेगळी वागतात, हे निरीक्षण आपल्या सगळ्यांचं आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते मोजून पाहिलं. संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ दिला. मित्र पाहत असले की त्या वयाची मुलं एकटं खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती, आणि २४च्या पुढच्या मोठ्यांवर मात्र मित्रांच्या असण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे त्याच मुलाची समज खोलीत दुसरं कोण आहे यावर ठरते. मुकुंदचं असंच आहे. चौकडीबरोबर अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जगाची मापं काढणारा मुकुंद आणि आवडत्या मुलीसमोर, शिरोडकरसमोर, जीभ टाळ्याला चिकटलेला मुकुंद, दोघांचं वय एक नाही. निळीशाई, तुमचा मुलगा घराबाहेर कुणाबरोबर असतो? तुम्ही सांगितलेल्या भागात तो सतत मोठ्यांमध्येच दिसतो. त्याला एखादा मित्र द्या.

निळीशाई

काय लिहू कळत नाहीये. गुंडीचं वाचून उठले आणि तो परिच्छेद काढून टाकला. वडिलांना मुलगा 'आप्पा' म्हणेल हेही बाईंनी न सांगता सांगितलं, तेही बदललं. मित्र खरंच नाहीये त्याला. शेजारच्या घरातला एक मुलगा दोन ओळींत येऊन जातो, त्याला आता परत बोलावते.

पण मग पुढचा प्रश्न. माझी कादंबरी 'मी'मध्ये आहे. जर त्याच्याकडे 'पराभव'सारखे शब्द असायला नकोत, तर तीनशे पानं मी फक्त गुंड्या, खडू, कांड्या यांवर कशी लिहू? मोठेपणीचा 'मी' मागे वळून सांगतोय असं केलं तर सगळे शब्द मिळतात. पण मग मुलाचा श्वास जातो. या दोहोंत निवडायचं कसं?

पाटीपेन्सिल

हा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि खरं तर त्याचं उत्तर आधी ठरायला हवं. कोण सांगतंय आणि किती वर्षांनी सांगतंय.

मराठीत दोन्ही टोकं आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. लंपनच्या आणि गोष्टीच्या मध्ये कुणी मोठा माणूस उभाच राहत नाही. आजी-आजोबांच्या गावी आलेला मुलगा, बेळगावकडच्या कानडी वळणाची भाषा, उठता-बसता 'मॅड' म्हणायचं, सुमी समोर आली की काहीतरी होतं पण काय ते सांगता येत नाही. 'वनवास' हे लंपनच्या गोष्टींचं पुस्तक १९९४ला आलं तेव्हा संत पन्नाशी ओलांडून गेलेले, कराडच्या कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक. एवढ्या अंतरावरून त्यांनी त्या मुलाच्या तोंडी एकही मोठा शब्द जाऊ दिला नाही. त्या पुस्तकांत दुःख कमी आहे का? आईवडिलांपासून तोडून आणलेल्या मुलाचं सगळं एकटेपण त्यात आहे. फक्त ते नाव घेऊन येत नाही. 'गुंड्यांवर तीनशे पानं' कशी लिहायची, त्याचं उत्तर लंपन.

दुसऱ्या टोकाला 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. तिथं सांगणारा मोठा श्याम आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री सांगतोय, अशा बेचाळीस रात्री. लहान श्याम हट्ट करतो, भितो, चोरी करतो, आणि मोठा श्याम त्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावतो. दोन वयं उघडउघड शेजारी बसलेली आहेत, लपवाछपवी नाही. म्हणून त्यातले मोठे शब्द कुणाला खटकत नाहीत.

पण मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती हरिभाऊंची, म्हणजे हरि नारायण आपट्यांची यमू. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ स्वतः सव्विशीचे. सव्वीस वर्षांचा पुरुष एका विधवा बाईच्या तोंडून तिचं लहानपण सांगतोय. दादाबरोबरचे दिवस, आईचा धाक नि माया, लग्न, सासर, आणि पुढं जे झालं ते. सांगणाऱ्या यमूला शेवट माहीत आहे. तरीही लहान यमूच्या वाट्याला आलेला आनंद ती नंतरच्या दुःखानं काळवंडू देत नाही. नव्या लुगड्याचा आनंद तो नव्या लुगड्याचा आनंदच राहतो, वाचताना आपल्याला मात्र धास्ती वाटते. मागं वळून सांगूनही मुलाचा श्वास राखता येतो, तो असा. पुढचं माहीत असलं तरी मागच्या दिवसाला ते कळू द्यायचं नाही.

यमूवरून आणखी एक गोष्ट सांगते, कारण वाटाड्यांनी अकराला 'अडचणीचं वय' म्हटलंय. कादंबरी छापून येत होती त्याच काळात, १८९१ला संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं! म्हणजे त्या काळी अकरा वर्षांची मुलगी सासरी नांदत असायची. तिला कुणाशी काय बोलायचं, कुठं गप्प राहायचं, कोणत्या पावलांचा आवाज आला की पदर सावरायचा, हे सगळं यायचं. 'अकरा वर्षांचं मूल असं विचार करत नाही' हे म्हणताना आपण कोणत्या सालचं, कोणत्या घरातलं अकरा म्हणतोय, ते आधी पाहिलं पाहिजे. पुण्यातल्या आजच्या बंद सोसायटीतलं अकरा, यमूचं अकरा, वारणाकाठच्या कोपीतलं अकरा आणि तुमच्या इचलकरंजीचं अकरा, ही एकच गोष्ट नव्हे. तुमच्या संपादकांच्या मनात यांपैकी कोणतं होतं, ते त्यांना एकदा विचारा.

निवड कशी करायची म्हणाल, तर मी एक करून बघायला सांगेन. बोटं जातात ती रात्र दोनदा लिहा. एकदा दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर बसलेल्या मुलाच्या मनातून, एकदा त्याच माणसानं स्वतःच्या मुलाला सांगितल्यासारखी. पहिल्यात ज्या गोष्टी आल्या आणि दुसऱ्यात गळाल्या, त्यांची तुम्हाला किती हळहळ वाटते ते बघा. हळहळ फार वाटली तर लंपनच्या वाटेनं जा. आणि दुसऱ्या वेळी लिहिताना माणूस स्वतःच्या मुलाला नेमकं काय सांगायचं टाळतोय हे जर जास्त ओढ लावायला लागलं, तर मोठ्यालाच सांगू द्या. फक्त अर्धं पान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं असं करू नका. तुमच्या रेघ मारलेल्या परिच्छेदात तेच झालं होतं. नजर वळवली ती मुलानं आणि अर्थ लावला तो चाळीस वर्षांच्या माणसानं, आणि तो माणूस कादंबरीत कुठं हजरच नाही.

तिसरीघंटा

सगळे मुलांबद्दल बोलताय, मी म्हाताऱ्यांकडून येतो. हौशी रंगभूमीवर आयुष्य गेलं.

'नटसम्राट' १९७०च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं तेव्हा आप्पा बेलवलकर करणारे डॉ. लागू ४३ वर्षांचे होते. साठी उलटलेल्या माणसाचं शरीर उभं करणं हे नटाचं कसब झालंच, पण माझ्या मते भूमिकेची खरी अडचण आप्पांच्या मनाच्या वयात आहे. माणूस रंगमंचावर राजा, जगभराची शोकांतिका तोंडपाठ, आणि व्यवहारात इतका कोवळा की असेल नसेल ते मुलांच्या नावावर करून मोकळा होतो. कावेरी त्याच्याहून कितीतरी मोठी आहे, तिला पुढचं दिसतं. आणि शेवटी त्याला आसरा कोण देतो, तर बूटपॉलिश करणारा राजा. पोरगं म्हाताऱ्याला सांभाळतंय. शिरवाडकरांनी या तिघांची वयं मुद्दाम अशी उलटसुलट लावली आहेत असं मला तालमीत नेहमी वाटायचं. कावेरीचं काम करणाऱ्या बाईंना मी सांगत असे की तुम्ही बायको आहात हे थोडं विसरा, समोर एक हट्टी मुलगा आहे असं बघा. प्रयोगाचा रंग तिथं बदलायचा.

तर निळीशाई, मुलगा मोठा वाटतोय याचं एक कारण असंही असेल, की त्याच्या भोवतीची मोठी माणसं पुरेशी लहान झालेली नाहीत.

पाटीपेन्सिल

तिसरीघंटा, हे माझ्या मनात आलंच नव्हतं, आणि अगदी खरं आहे.

निळीशाई, यावरून आप्पांचं बघा. तीन बोटं गेलेला, घरी बसलेला, तिशी-पस्तिशीतला कामगार. मी अशी माणसं पाहिली आहेत. ती पोरांसारखी रुसतात. डबा उशिरा आला म्हणून जेवत नाहीत. पोराच्या हातून चहा सांडला की मारायला उठतात आणि मग दाराबाहेर जाऊन उभी राहतात. डाव्या हातानं अक्षर गिरवायला लागली की पाटी लपवतात. तुमचे आप्पा गप्प, सोशिक, धीरोदात्त आहेत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. त्यांना एकदा रुसू द्या. सहावीतल्या मुलाकडून त्याचीच दुरेघी वही मागून घेऊ द्या, आणि वहीची पानं संपवली म्हणून मुलानं त्यांच्यावर चिडू द्या. चिडताना तो अकरा वर्षांचाच असेल, तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.

आणि आईला एकदा त्या उधारीच्या वहीतलं काहीतरी न वाचता कळू द्या. वाण्यानं आकडा फिरवलाय हे मुलाच्या आधी तिला कळावं. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांचा हिशेब भल्याभल्यांना चकित करतो. नाहीतर सगळी अक्कल एकट्या पोराच्या गळ्यात पडते, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, वय पंधरा करा.